जिल्हा ठाणे, तालुका कोरा

विक्रमगड मागं पडलं आणि चढावरून पिकअप गाड्या उतरायला लागल्या. दिवाळी नुकतीच झाली होती. एकेका गाडीत तीन-तीन कुटुंबं, पातेली, गोधड्या, सरपणाच्या मोळ्या, डालीखाली कोंडलेल्या कोंबड्या आणि या सगळ्याच्या वर बसलेली पोरं. भात घरात आलं की जव्हार-मोखाड्याचे पाडे असे खाली उतरतात, भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर आणि विरारच्या बांधकामांवर. शेठची उचल पावसाळ्यातच, घरातलं धान्य संपतं तेव्हा घेतलेली असते. ती फेडायला अख्खं घर जातं. होळीला येतात, सण करून परत जातात आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा घरी येतात.

"ही मुलं शाळेत नाही जाणार?" माझ्या मैत्रिणीनं विचारलं.

"मोठी आश्रमशाळेत राहतात, मॅडम," आमचा ड्रायव्हर म्हणाला. तो मोखाडा तालुक्यातलाच. "बारकी आजीपाशी. अंगावरची असतील ती बरोबर."

मैत्रीण झुरिकजवळच्या एका गावात वाढली. जन्म १९७९ चा, मुंबईतला. वर्षाची व्हायच्या आतच विमानात बसली. तिच्या फायलीत तिचं वजन आहे, देवीची लस टोचल्याची नोंद आहे, स्वित्झर्लंडच्या आईवडिलांच्या घरात किती खोल्या आहेत तेही आहे. जन्मदात्या आईविषयी मात्र एकच ओळ: आदिवासी मजूर, अविवाहित, जिल्हा ठाणे. गाव नाही, तालुका नाही, सही नाही की अंगठा नाही. आणि तो जिल्हाही आता तसा उरलेला नाही. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि जुन्या ठाण्यातले आठ तालुके त्यात गेले. हे मी तिला नकाशावर दाखवलं तेव्हा ती हसली. म्हणाली, "एकच पत्ता होता, तोही हलला."

आम्ही तिच्या आईला शोधायला निघालो नव्हतो. तसं मला करताही येत नाही. दत्तक गेलेल्या माणसानं स्वतः अर्ज करायचा, तो त्या देशाच्या यंत्रणेमार्फत दिल्लीच्या 'कारा' या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे यायचा, तिथून संस्थेकडे जायचा, असा रिवाज आहे. तिऱ्हाइतानं मुळाचा शोध घेऊ नये, असं नियमावली स्पष्ट सांगते. आईचं नाव गुप्त राहावं हा त्यामागचा हेतू, आणि तो चुकीचा नाही. तिला फक्त हा मुलूख पाहायचा होता. आठांतले जव्हार आणि मोखाडा हेच दोन तालुके का, तर "तुमच्या वर्तमानपत्रांत लहान मुलांच्या बातम्या इथूनच येतात म्हणून."

जव्हारला चढ संपतो आणि हवा बदलते. जाहिरातीत याला मिनी महाबळेश्वर म्हणतात. महाबळेश्वरसारखं इथे काही नाही, आणि हेच बरं आहे. बाजारपेठेत घोंगड्या आणि मोबाइलची कव्हरं शेजारी शेजारी टांगलेली, एसटी स्टँडवर गुडघ्याएवढ्या पत्र्याच्या ट्रंका घेऊन आश्रमशाळेत परतणारी मुलं. गावाबाहेर टेकाडावर मुकण्यांचा जय विलास राजवाडा. मुकणे महादेव कोळी. चौदाव्या शतकापासून १९४८ मधल्या विलीनीकरणापर्यंत इथे आदिवासी घराण्याचं राज्य होतं, हे पुण्या-मुंबईच्या शाळांतून कोणी सांगत नाही.

राजवाड्याच्या पायऱ्यांवर तिनं विचारलं, "राजे दत्तक घ्यायचे?"

घ्यायचे म्हणजे काय! आपला अर्धा इतिहास दत्तकावर उभा आहे. डलहौसीनं दत्तक नामंजूर करून १८४८ ला सातारा गिळलं, मग झाशी, मग नागपूर. सत्तावन्नचा दणका बसल्यावर कॅनिंगनं १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा वाटल्या. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. कागलच्या घाटग्यांचा यशवंत १८८४ मध्ये कोल्हापूरचा शाहू झाला. यातलं एकही दत्तक मुलासाठी नव्हतं. गादीसाठी होतं, पिंडासाठी होतं, इंग्रजानं राज्य खाऊ नये म्हणून होतं. पण सयाजीरावांना कवळाणे माहीत होतं आणि कवळाण्याला सयाजीराव. पहिल्या घराचा रस्ता कोणी नांगरून टाकला नव्हता. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यातही ही रीत शिल्लक आहे: जन्माच्या घरात राहिला असता तर ज्या नात्यात लग्न झालं नसतं, त्या नात्यात दत्तक गेल्यावरही करता येत नाही. पहिलं घर कुठलं हे ठाऊक असणारच, असं कायदा लिहिणाऱ्यांनी धरून चाललेलं दिसतं.

"मी माझ्या सख्ख्या भावाशी लग्न केलं असतं तर?" ती म्हणाली. गमतीतच म्हणाली, पण राखणदाराला इंग्रजी कळत नव्हतं याचं मला बरं वाटलं.

तिला मी फुल्यांचंही सांगितलं. १८६३ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसलेल्या विधवांनी यावं, बाळंत व्हावं, हवं तर मूल ठेवून जावं. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ मध्ये स्वतः दत्तक घेतला, तो डॉक्टर यशवंत. दीडशे वर्षं झाली, त्या आईचं नाव आपल्याला माहीत आहे. लाजेचं सगळं ओझं त्या काळात आजच्यापेक्षा कितीतरी जड होतं, तरीही. १९७९ च्या मुंबईत टंकलेखन यंत्रं असलेल्या कचेरीला मैत्रिणीच्या आईचं नाव लिहून ठेवणं जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी वावर-वांगणीच्या रस्त्याला लागलो. उतारावर खुरासणीची शेवटची पिवळी फुलं, कापलेल्या नागलीचे खुंट, मधेच वरईचा एखादा तुकडा. घरं कारवीच्या कुडाची, शेणामातीनं लिंपलेली, आणि आता त्यांच्यामध्ये घरकुल योजनेतली निळी-गुलाबी सिमेंटची. १९९२ मध्ये इथे सव्वाशेच्या आसपास मुलं कुपोषणानं आणि साथीनं दगावली, तेव्हा महाराष्ट्राला या गावांची नावं कळली. मंत्री आले, जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय आलं. २०१६ मध्ये मोखाड्याच्या खोच भागातून पुन्हा त्याच बातम्या, पुन्हा मंत्र्यांच्या गाड्या. मधल्या काळात काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. गरोदर आणि स्तनदा बायकांना एक वेळचं चौरस जेवण देणारी अब्दुल कलामांच्या नावाची अमृत आहार योजना आली, गावातच मुलांना सावरणारी बालविकास केंद्रं आली. पण माणसं भट्टीवर जायची थांबली नाहीत.

ज्या पाड्यावर थांबलो तिथल्या अंगणवाडीताईंनी आधी पाण्याचा तांब्या पुढे केला, मग कोरा चहा, मग बोलणं. हा क्रम इथे कोणी मोडत नाही. शहरात आपण दारातच "काय काम होतं?" विचारतो. इथे पाहुण्यानं काम सांगितलं तरी ते ऐकू आलं नाही असं दाखवतात, चहा संपेपर्यंत. मग ताईंनी रजिस्टरं काढली. सॅम, मॅम हे शब्द त्या घरातल्या पोरांची नावं घ्यावीत तसे घेतात: तीव्र कुपोषित ते सॅम, मध्यम ते मॅम. वजन, उंची, दंडाचा घेर. आता हे सगळं मोबाइलमध्येही भरायचं असतं आणि त्यासाठी नेटवर्क शोधत टेकाडावर जायचं असतं. दिवाळीनंतरच्या रकान्यांत एकच शब्द खाली खाली उतरत गेलेला: स्थलांतरित, स्थलांतरित, स्थलांतरित.

"नाव माझ्याकडे, पोर भट्टीवर," ताई म्हणाल्या. "होळीला येतं तेव्हा दोन किलो कमी."

दुपारी त्यांच्याच घरी जेवलो. नागलीची भाकर, उडदाची घट्ट आमटी, खुरासणीची चटणी, भाजलेला बोंबील. मैत्रिणीनं तीन भाकरी खाल्ल्या. ताईंच्या सासूबाईंभोवती चार पोरं होती. कुणाची कोण, ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. एक नातू, एक पुतणीचा मुलगा, एक शेजारणीची मुलगी, "आणि हा असाच". असाच म्हणजे आई वारली, बाप दुसरं लग्न करून मुरबाडकडे गेला, पोर इथे जेवतं. दत्तकविधान नाही, अर्ज नाही, कोणी फोटो काढला नाही. जव्हारच्या कचेरीच्या हिशेबात हा मुलगा बालसंगोपन योजनेत बसतो. सावित्रीबाईंच्याच नावानं चालणाऱ्या त्या योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात. मी ते सांगितलं. ताईंना माहीत होतं. बापाचा रहिवासी दाखला नाही, आईचा मृत्यूचा दाखला नाही, कारण ती भट्टीवर वारली. कागद जमेपर्यंत मूल मोठं होईल, एवढंच त्या म्हणाल्या आणि आणखी एक भाकर वाढली.

रात्री जव्हारच्या लॉजवर मैत्रिणीनं तिकडच्या गोष्टी सांगितल्या. १९७३ ते २००२ या काळात भारतातून दोन हजारांवर मुलं एकट्या स्वित्झर्लंडला गेली. पोटी मूल नसलेली चांगल्या मनाची माणसं, रांगा, देणग्या, विमानतळावर मुलं सोपवणाऱ्या बायका. परदेशी माणसाला इथे थेट दत्तक घेता येत नसे. १८९० च्या पालक-पाल्य कायद्याखाली तो पालक म्हणून नेमला जाई, मूल घेऊन जाई आणि दत्तकविधान तिकडे उरकी. मध्ये कोणी बघणारं नव्हतं. १९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं, त्याचीच याचिका झाली, आणि ६ फेब्रुवारी १९८४ ला न्यायमूर्ती भगवतींनी घालून दिलेली चौकट पुढे कायदा होईपर्यंत चालली. आधी मूल स्वतःच्या आईबापांकडे राहतं का बघा. नाही तर देशातलं घर बघा. ते नसेल तरच परदेश. आईला विचार बदलायला मुदत द्या. आणि मूल मोठं होऊन आपल्या आईबापांविषयी विचारू लागलं तर सांगायला हरकत नसावी, असंही त्या निकालात आहे. मैत्रीण तेव्हा पाच वर्षांची होती आणि बर्फात घसरगुंडी खेळत होती.

चौकट आली म्हणून बाजार उठला असं नाही. पुण्याच्या प्रीत मंदिरचं प्रकरण आपल्यापैकी अनेकांनी पेपरात वाचलंय. तात्पुरतं ठेवलेलं मूल परस्पर दत्तक दिलं, अशा गरीब आईबापांच्या तक्रारी, परदेशी पैसा, मग उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०१० मध्ये सीबीआयनं नोंदवलेला गुन्हा. पुण्याहून जर्मनीत दत्तक गेलेले अरुण डोहले यांना स्वतःची फाइल बघायला मिळावी म्हणून वर्षानुवर्षं न्यायालयात भांडावं लागलं. आता सगळं संगणकावर आहे, 'कारा'च्या यादीत क्रमांक लागतो, २०२२ पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी काढतात, आणि परदेशी जाणारी मुलं पूर्वीच्या मानानं थोडी. झुरिक आणि थुरगाऊ या दोन प्रांतांनी इतिहासकारांकडून जुन्या भारतीय फायली तपासून घेतल्या. अहवालाचं नाव 'आई अज्ञात'. तपासलेल्या प्रकरणांत आईच्या संमतीचा कागद सापडला नाही. जानेवारी २०२५ मध्ये स्विस सरकारनं परदेशातून दत्तक घेणंच बंद करायचा मनोदय जाहीर केला.

"तुला बरं वाटलं?" मी विचारलं.

"राग आला. चाळीस वर्षांनी दार लावून घेताहेत, आणि आम्ही आतच." मग थोड्या वेळानं: "माझ्या आईवडिलांनी मला फार चांगलं वाढवलं, हेही तू लिही."

लिहिलं.

मोखाड्याला बाजार भरला होता. सुकट, मिरच्या, प्लास्टिकची टोपली, कोयते, दोऱ्यात ओवलेले ताबीज. इथलं मोठं वैभव म्हणजे बोहाडा; देवदैत्यांचे रंगीत मुखवटे चढवून संबळाच्या तालावर रात्रभर सोंगं नाचतात. त्याचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाला, त्यामुळे मुखवटे कुणाच्या माळ्यावर कापडात बांधलेले. कुठलं सोंग कुठल्या घराकडं, हे गावात तोंडपाठ असतं. नरसिंह कोणाचा, गणपती कोणाचा, हे चहावाल्या पोरानंही न अडखळता सांगितलं.

पुण्यात आपण अनोळखी माणसाला आधी आडनाव विचारतो आणि आडनावावरून काय काढायचं ते काढतो. इथे आडनावाशी कुणाला कर्तव्य नाही. भाजीवाल्या म्हातारीनं मैत्रिणीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "गाव कंचा?"

एवढं मराठी तिला येत होतं. उत्तर येत नव्हतं. ड्रायव्हर मध्ये पडला, "परदेशातली आहे, आजी."

"ता दिसतंच. आयसचा गाव कंचा?"

मग मी जमेल तसं सांगितलं. हळहळणं, डोळ्याला पदर, असलं काही म्हातारीनं केलं नाही. साल विचारलं. साल तिला सालासारखं कळेना, तेव्हा ड्रायव्हरनं हिशेब लावून दिला: "आणीबाणीनंतर, तुमचा मोठा झाला त्याच्या आगंमागं." ती वाटाणे निवडत राहिली. "त्या टायमाला लई बाया गेल्या खाली. कोणची बाई परत नाय आली, ता आम्हाला ठाव हाय. कोणचं पोर नाय आलं, ता आम्ही इचारत नाय." मैत्रिणीनं मला भाषांतर करायला सांगितलं. मी केलं. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग तिनं अर्धा किलो वाटाणे विकत घेतले, जे शिजवायची लॉजवर काही सोय नव्हती.

मला त्या म्हातारीचं वाक्य अजून सुटलेलं नाही. कुमारी मातेचं नाव जपायचं म्हणून संस्थेनं कागद कोरा ठेवला, असं आपण म्हणतो. पण इथेही ते जपलं जातं. कागद कोरा न ठेवता, सगळं माहीत असून न विचारता. शहरानं फक्त त्यातलं न विचारणं उचललं.

मोखाड्याहून खोडाळ्याकडे रस्ता सुंदर आहे आणि दरीत मध्य वैतरणेचं पाणी पसरलेलं दिसतं. ते मुंबईचं. उन्हाळ्यात याच तालुक्यात टँकर येतो आणि बायका विहिरीच्या तळाशी वाट्यांनी पाणी भरतात. ड्रायव्हरनं हे आवाज न चढवता सांगितलं. डोंगरापलीकडे इगतपुरी तालुका. तिथल्या उभाडे गावच्या कातकरी वस्तीतली दहा-अकरा वर्षांची एक मुलगी २०२२ मध्ये मेली आणि मग कळलं की कातकऱ्यांची मुलं मेंढपाळांकडे राबायला दिली जातात, थोडक्या पैशांत. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा. तो कायदा झाल्यावरही याच जुन्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी कर्ज घेऊन पुढे आयुष्यभर राबणारे लगीनगडी होते. विवेक आणि विद्युल्लता पंडितांची श्रमजीवी संघटना त्यांच्या मुक्तीतूनच उभी राहिली. मूल स्वित्झर्लंडला जातं, मेंढरांमागं जातं, भट्टीवर जातं. निघायची जागा एकच, दिवाळीनंतरचं रिकामं घर. रोजगार हमी महाराष्ट्रानंच देशाला दिली. १९७७ च्या त्या कायद्याप्रमाणे नोव्हेंबरात या पाड्यांवर काम आणि आठवड्याला मजुरी मिळाली, तर माझ्या मते बालकल्याणाच्या अर्ध्या योजना गुंडाळून ठेवता येतील. मजुरी उशिरा येते, शेठची उचल आधी येते. एवढाच फरक.

खोडाळ्यात वडापाव खाताना ड्रायव्हरनं मैत्रिणीला विचारलं, कागद काय काय आहेत? तो क ठाकूर जमातीचा. मुलीच्या डिप्लोमाच्या प्रवेशासाठी त्यानं जात पडताळणी केली होती, आणि त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. त्याचे वाडवडील याच डोंगरात जन्मले, इथेच मेले, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक. समितीला कागद हवा. आजा शाळेत गेलेला नाही, म्हणजे शाळेचा दाखला नाही. दीड वर्षं तो तहसील, ठाणे, नाशिक करत फिरला.

"मग मिळाला?" तिनं विचारलं.

"मिळाला ना. कोतवाल बुकात. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, ते कोतवाल पाटलाला सांगायचा, त्याची वही. आज्याच्या बहिणीचं नाव सापडलं, मोडीत. वाचणारा माणूस ठाण्याहून आणला. पाचशे रुपये घेतले त्यानं." मग तिच्याकडे वळून, "मॅडम, तुमच्या आईची जन्माची नोंद असंल तर त्यातच असंल. तुमची नाही, तुमची मुंबईला. आईची बघा."

तिनं वही काढली आणि रोमन अक्षरांत 'कोतवाल बुक' लिहून घेतलं. आईचं नावच माहीत नाही, मग कुठलं पान उघडायचं, असं मी म्हणाले. त्यानं मला हातानं थांबवलं. नाव संस्थेकडं असणार, तो म्हणाला. ते तिनं तिच्या सरकारकडून अर्ज करून मागायचं, आणि नाही म्हणाले तर पुन्हा मागायचं, पडताळणीला त्यालाही पहिल्यांदा नाहीच म्हणाले होते. तोवर तालुका तर कमी करता येईल. वसई सोडा, तिथे कोळी-आगरी जास्त. १९७९ ला विक्रमगड वेगळा तालुका नव्हता, तो जव्हारातच धरा. तलासरी-डहाणूच्या बाया गुजरातकडं जास्त जातात. टिश्यू पेपरवर त्यानं आठ नावं लिहिली होती आणि तो एकेक खोडत होता. वाड्यावर पेन थांबलं. वाडा ठेवायचा की काढायचा यावरून त्याचं आणि वडापाववाल्याचं जुंपलं, कारण वडापाववाला वाड्याचा होता.